खंडेनवमीनंतर

(धुळ्याच्या देवपुरातली एक तंत्रशाळा. दसऱ्यानंतरचा सोमवार. लीलाधर सर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. कमल त्यांच्या वर्गातली एकमेव मुलगी.)

सर : याला रेडिओ म्हणायचं? नुसती घरघर.

कमल : नवमीच्या आदल्या दिवशी बोलत होता, सर. जळगाव केंद्र लागलं होतं. तुम्हीच ऐकलंत.

सर : आणि आता पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्यात. चिकट आहे सगळं. ओलं कुंकू वाहिलंस ना यावर? पारोळ्याकडची माणसं तुम्ही. विहिरीच्या मोटारीला कुंकू, रेडिओलाही कुंकू.

कमल : मी नाही लावलं.

सर : मग देवी येऊन लावून गेली असेल. तीन वाजता नाशिकच्या कारखान्याचे साहेब निवडीला येतायत. फोनवर विचारत होते, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, बसवून ठेवलीय आपली नावाला.

कमल : आज निवड झाली नाही तर आबा मला परत न्यायला येणार आहेत. मला बघायला पाहुणे ठरवून ठेवलेत त्यांनी.

सर : चांगलं आहे की. इथं सोल्डरचे डाग देत बसण्यापेक्षा तिकडं फोडण्या दे.

कमल : सर, त्या दिवशी पूजेला मी आत नव्हतेच.

सर : का? देवधर्म सोडलास की काय?

कमल : मला चालत नव्हतं. व्हरांड्यात उभी होते. सेटला हात लावता येईना, म्हणून दारातूनच म्हटलं, कुणी माझा सेट झाका. शिपाई हिलालनाना उठलेही. खिशातून रुमाल काढत म्हणाले, रुमाल शे मनापान. तुम्ही त्यांना खाली बसवलंत.

सर : मी?

कमल : नारळ तुम्ही फोडलात. पाणी सगळ्या टेबलांवर शिंपडलंत. म्हणालात, तीर्थानं कधी काही बिघडतं का.

सर : मग बाकीच्यांचे सेट बरे चालतात?

कमल : त्यांचे पेटीत बसवून झाले होते. माझाच उघडा होता.

सर : दुसऱ्यावर ढकलायला बरं येतं तुला.

कमल : ढकलत नाही, सर. साहेब बिघाडाचं कारण विचारतील. काय सांगायचं, तेवढं तुम्हीच सांगा.

(सर खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवतात.)

सर : स्पिरिट कपाटात आहे, वरच्या फळीवर. जुना ब्रशही घे.

कमल : हो, सर.

सर : आणि हळू पूस. भांडं नाही ते.