कट म्हणायचं राहून गेलं

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून, मांडीवरच्या बाळाला थोपटत बसलेल्या त्या तरुण आईने शेजारच्या बाकावरच्या माणसाला लगेच ओळखलं. विनोदी मालिकेत आठ वर्षं आगाऊ शेजारी झालेला नट तो. सोबत त्याची थोरली बहीण होती.

"काल पहिल्यांदा दिग्दर्शन केलंस, आणि ‘कट’च म्हणाला नाहीस?"

"ताई, आठ वर्षं ते दुसरंच कोणीतरी म्हणायचं. मी आपला वाट बघत बसलो."

"कोणाची?"

"दिग्दर्शकाची."

"अरे देवा. मग?"

"मग काय, प्रसंग संपला तरी कोणी थांबेना. नायिकेने आधी भांडी घासली, मग सासऱ्यांना झापलं. सासरे रुसून कपाटात जाऊन बसले. अकरा मिनिटं हेच चाललं."

"आणि तू?"

"पोट धरून हसत होतो."

"पुढचे भाग देतील का रे तुला?"

"चॅनेलवाले आज कळवणार आहेत. नाहीतर आहेच परत आगाऊ शेजारी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"हो सर... सगळी अकरा मिनिटं?... हो, हो सर."

"काय म्हणाले? बोल की मेल्या."

"तो तुकडा तसाच दाखवणार आहेत. पुढचे सहा भाग माझे."

बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"पण ताई, आता मी पडद्यावर दिसणार नाही. नुसतं शेवटी नाव येईल."

"नावं सुरू झाली की मी टीव्ही बंद करून कुकर लावायला उठते," बहीण डोळे पुसत म्हणाली. "आता बसून राहीन."