गुरवाचं गाऱ्हाणं

हंबीरराव : मी? आरं, मी बायकोनं ढकललं तरच देवळात येतो. देवाला कौलाच्या पाकळ्या मी चिकटवू?

नानासो : तुमीच चिकटवा, सुभेदार. माझा हात नको.

हंबीरराव : तीस वर्सं गावाला कौल लावून देतोयस की.

नानासो : म्हणूनच नको. किती पाणी लावलं की उजवी पाकळी आधी सुटती, मला ठावं हाय.

हंबीरराव : म्हंजे आमच्या साक्षीच्या लग्नाला देवानं उजवी दिली, ती...

नानासो : पोरगा चांगला हुता. तुमीच आडून बसला हुता.

हंबीरराव : फ्रॉड हायस तू!

नानासो : नांदतीय न्हवं?

हंबीरराव : नांदतीय म्हणून गप बसतो.

नानासो : शिव्या मागनं द्या. माझ्या बायकोच्या, राहीच्या डोक्यात रक्त साकळलंय. आपरेशन केलं तर निम्मा भरवसा, न्हाई केलं तर नुसतं बघत बसायचं. ल्योक दिग्विजय तिकडं सांगलीत दवाखान्यात सहीचा कागद घिऊन हुबा हाय. बाराच्या आत सांगायचंय.

हंबीरराव : डॉक्टरलाच विचारायचं, काय करू म्हणून.

नानासो : विचारलं. देवावर सोडा म्हणला. म्हणून पहाटंच्या यष्टीनं आलो.

हंबीरराव : बरं. ह्या चिकटवल्या. उजवी पडली तर आपरेशन, डावी पडली तर न्हाई. घाल गाऱ्हाणं.

नानासो : बा भैरवनाथा, हे तुझं लेकरू हंबीरराव तुझ्या दारात...

हंबीरराव : मी न्हवं, तू!

नानासो : सवय. बा भैरवनाथा, ह्यांच्या घरात आजारपण...

हंबीरराव : 'ह्यांच्या' कुणाच्या?

नानासो : येईना, सुभेदार. जल्मभर दुसऱ्याचंच घातलंय.

हंबीरराव : साहेबापुढं अर्ज करतात तसं बोल. नाव, अडचण, विनंती. बस्स.

नानासो : नाव नानासो गुरव. अडचण, राही. विनंती... नाथा, मला साधा चहाबी करता येत न्हाई रं.

(हंबीरराव वाकून पाकळ्यांकडं बघतो, मग घड्याळाकडं.)

हंबीरराव : दोन्ही पाकळ्या तिथंच हायत, गड्या. माझंच काय तरी चुकलं.

नानासो : असू द्या. दिग्विजयला फोन लावा. कर म्हणावं सही.

हंबीरराव : आन कौल?

नानासो : पडंल कवातरी. मी जातो तिच्याकडं.

हंबीरराव : थांब, गाडी काढतो. देवळाला कुलूप लाव.

नानासो : नको. कुणी आलं तर आपलं आपण देवाशी बोलंल.