या न म्हणणारं दार

माझं नाव सीताराम, पण विंझरात मला सगळे वायरमनच म्हंत्यात. तुमी एसटीतनं उतरलात, तितनं ओढ्याकडं निळा झेंडा दिसतो ना, ती आमची वस्ती. माझा जन्म हितलाच, गावात वीज यायच्या लई आधीचा. पोरपणी आमी वीज बघितली ती आभाळातलीच, आन् त्या विजेच्या तारा हातात धरून मी पोट भरंन असं तवा कुणी म्हटलं असतं तर आमची आय त्याला मारायला धावली असती.

आमचे आबा गावाचा सांगावा न्यायचे. काय सांगू तुम्हाला, ते काम आमच्या घराण्याच्या वाट्याला आलेलं, नको म्हणायची सोय नव्हती. गावात कोण मयत झालं की आबांना बोलावणं यायचं, मंग लेक दिलेली असंल त्या गावी आबांनी चालत जायचं, पालीला म्हणा, नसरापूरला म्हणा, पाऊस असू दे न्हाई तर ऊन असू दे, आन् जाऊन दारात उभं ऱ्हायाचं न्हाई, दारापासून लांब उभं ऱ्हायाचं आन् हाळी द्यायची, हाय का कुनी घरात. आतनं कुणी आलं की तितनंच सांगायचं आन् मागं फिरायचं. घरात रडारड सुरू व्हायची, आन् ज्यानं उन्हातनं निरोप आणला त्याला पाणी विचारायचं कुणाच्या ध्यानात यायचं न्हाई, आलं तर वरनं ओंजळीत ओतायचे. हे मी डोळ्यानं बघितलंय, मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलोय.

पुढं आमच्या लोकांनी धम्म घेतला. मी तवा विशी ओलांडली व्हती. आबांनी त्याच आठवड्यात पाटलाच्या ओट्यापुढं जाऊन सांगितलं, आता सांगावा न्यायचा न्हाई, तुमचं तुमी बगा. घरी येऊन आयला म्हणाले, आता कुनाच्या दाराम्होरं वरडायचं न्हाई, आन् आतनं मानसानं तोंडानं या म्हटल्याबिगर कुनाच्या दारात पाय टाकायचा न्हाई. ये न्हाई बगा, या. आधी बाहेर उभं ऱ्हात व्हते ते दुसऱ्यांनी ठेवलं म्हणून, आता उभे ऱ्हायचे ते आपल्या मानानं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही उभं ऱ्हाणं सारखंच दिसायचं, पण ते सारखं नव्हतं.

नसरापूरच्या एका दुकानदारानं एकदा ये रे म्हटलं, तर आबा फळीपाशी उभेच. तो म्हणाला, बहिरा झाला का म्हातारा? आबा म्हणाले, बहिरा न्हाई शेठ, मला या ऐकू येतं, ये ऐकू येत न्हाई. दुकानदार हसला, पण म्हणाला, या आबा, या. तवापासून साखर पत्ती तितनंच, चार पैसे जास्त पडले तरी. आय टोमणा मारायची, यांच्या कानाला सायबासारखं बोलावं लागतं, मी हाक मारली की मातुर ऐकू येत न्हाई.

मी पुण्याला गेलो, एका कंत्राटदाराच्या हाताखाली लागलो. आधी नुसत्या लाकडी पट्ट्या ठोकायचो, मंग वायर ओढायला शिकलो, मंग घंट्या बसवायला, आन् मंग त्या कंत्राटदार शेठनं मुंबईहून ती नवी कुलपं आणली. विजेचं कुलूप. तुम्हाला सोपं करून सांगतो. दाराच्या चौकटीला पटाशीनं खाच पाडायची, तितं ते कुलूप बसवायचं, त्याच्या पोटात तारेचं वेटोळं असतं. आत टेबलाला बटण. बाहेरच्या माणसानं घंटी वाजवली की आतल्या शिपायानं बसल्या जागी बटण दाबायचं, वीज गेली की वेटोळं आतली खिट्टी ओढतं, आवाज होतो घुर्रर्र, आन् जोवर घुर्रर्र होतंय तोवर बाहेरच्यानं दार ढकलायचं. आवाज थांबला की दार पुन्हा बंद. लई नाजूक काम, खाच सुताभर चुकली तर खिट्टी अडकते. माझ्या हाताला ते बसलं. मोठमोठ्या कचेऱ्यांना, पेढ्यांना मी ती कुलपं बसवली, शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, सीताराम येईल, काळजी नको.

गावात कुणाला हे पटायचं न्हाई. दारं बसवतो म्हणजे सुतार का, म्हणून विचारायचे. आय वस्तीतल्या बायकांना सांगायची, माझा ल्योक बंद दारं उघडतो, नुसतं बोट लावून. एक म्हातारी म्हणाली, मंग चोरच की गं तुझा ल्योक. आय दोन दिवस तिच्याशी बोलली न्हाई, तिसऱ्या दिवशी स्वतःच सगळ्यांना सांगून हसत सुटली.

मंग भोरचं काम आलं. एक खाजगी कंपनी व्हती, नाव कशाला घ्यायचं, तिची कचेरी आन् मागं गुदाम. शेठ म्हणाला, तुझ्याच मुलखातलं काम आहे, जा. मला आनंद झाला, रविवारी घरी जाता येईल म्हणून. आय तवा तापानं झिजलेली, खोकला जात नव्हता. भोरच्या डॉक्टरनं औषध दिलेलं. मी म्हटलं, आय, एवढं काम उरकलं की तुला पुण्याच्या दवाखान्यात नेतो. ती म्हणाली, उरक तू, मी कुठं पळून जातीय?

त्या कचेरीचं दार जुनं सागवानी, जाड. दाराला मध्ये एक झडप व्हती, शिपाई ती उघडून बघायचा आन् बाहेरच्याशी बोलायचा. बाहेरून लोखंडी कडी. मॅनेजर साहेब म्हणाले, झडप बंद करा, लोक तोंड घालून गप्पा मारत बसतात, आन् शिपायानं जागेवरून उठायचं न्हाई, नाहीतर एवढं महाग कुलूप कशाला आणलं. मी फळी मारून झडप बंद केली, वरनं पॉलिश केलं, शोधूनबी सापडली नसती. कडी काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्याच काढली. म्हटलं, आता घंटी आहे, कडी वाजवायचं काम काय? दार कसं सपाट, गुळगुळीत झालं. मी लांब उभा राहून बघितलं आन् मला माझंच कौतुक वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ, मी आत मागच्या भिंतीला शिडीवर, गुदामाच्या दाराची वायर ओढत व्हतो. घंटी वाजली. गेनू शिपायानं बटण दाबलं, घुर्रर्र झालं, कुणी आत आलं न्हाई. परत घंटी. गेनूनं परत दाबलं, चांगलं लांब दाबलं, घुर्रर्र, कुणी न्हाई. मला काय वाटलं सांगू का तुम्हाला? मला वाटलं, खिट्टी काय छान उठतीय, आवाज कसा एकसारखा येतोय. आन् मी शिडीवरनं म्हणालो, गेनू, कोण तरी खेडवळ दिसतंय रे, दार ढकलायचं कळत न्हाई. गेनू म्हणाला, तुमच्याच गावचं असंल वायरमन. आमी दोघं हसलो. घंटी काय परत वाजली न्हाई, आन् मी पुढची वायर ओढायला घेतली.

दिवस कलला तवा समोर बापूच्या हॉटेलात चहाला गेलो. बापू म्हणाला, वायरमन, भेटले का वडील? मी म्हटलं, कोण वडील? तो म्हणाला, अहो तुमचे आबा आलते, पांढरा फेटा, हातात काठी. दारासमोर उभे व्हते, हाय का कुनी म्हणून एक हाक दिली त्यांनी, पण त्या जाड दारातनं आत काय जातंय. म्याच सांगितलं, ते घंटीचं बटण दाबा म्हणून. दाबलं. दार घुर्रर्र केलं तर मागं सरकले. परत दाबलं. मी हितनं वरडलो, ढकला आबा, दार ढकला. ते वळून म्हणाले, आतनं अजून कुनी बोललं न्हाई. मंग थोडा वेळ उभे राहिले, ताठ, आन् गाडी चुकंल म्हणून निघाले. जाताना म्हणाले, सीतारामला सांगा, आय वाट बघतीय. मी म्हटलं तुमी चहाला येणारच, गिऱ्हाइकाच्या गर्दीत मला उठता आलं न्हाई.

दाराम्होरं वरडायचं सोडलेल्या आबांनी त्या दिवशी हाक दिली व्हती, कप तितंच ठेवून मी स्टँडकडं पळालो. विंझरकडची एसटी गेलेली. एका टेम्पोवाल्यानं नसरापूरला सोडलं, तितनं पुढं मी पायी निघालो. मी आयुष्यात पहिल्यांदा एकट्यानं आबांच्या वाटेनं चाललो बगा, मयतीचा सांगावा नेणारा माणूस चालतो तसा, फक्त सांगावा माझ्याच घरचा, आन् तो मला ठाऊक नव्हता. वस्तीत शिरलो तर आमच्या अंगणात बायका बसलेल्या. मला बघून उठल्या. मंग कळायचं काय उरलं?

आबा पोचले तवा आय शुद्धीवर व्हती. माझ्या बायकोनं, कमलनं, मला मागनं सगळं सांगितलं. आय म्हणाली, आला का? आबा म्हणाले, येतोय, दार उघडलं न्हाई म्हून मागं ऱ्हायलाय. आय म्हणाली, असं कसं, त्योच तर उघडतो की दारं. एवढंच म्हणाली. त्याच्यावर ती बोलली न्हाई.

सगळं उरकल्यावर आबांनी मला एकदाच विचारलं. म्हणाले, आतनं त्ये घुर्र कोन करत व्हतं? मी म्हटलं, कुणी न्हाई आबा, कुलूप व्हतं, त्याचा अर्थ आत या असाच असतो. आबा म्हणाले, या असा? मी म्हटलं, व्हय. आबांनी हातातली काठी आडवी ठेवली. मंग म्हणाले, मला कुत्र्यावानी वाटलं, गुरकावल्यावानी. तू कुठं व्हतास? मी म्हटलं, आतच. ऐकलंस? ऐकलं. पुढं त्यांनी विचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई. हसलो ते सांगितलं न्हाई. गेनूला ठाऊक आहे आन् आज तुम्हाला.

मी भोरला परत गेलो, मॅनेजर साहेबांना म्हटलं, झडप उघडून देतो, कडी लावून देतो, मजुरी नको. ते म्हणाले, वेडा झालास का, दार छान दिसतंय. मंग मी गेनूचे हात धरले, म्हटलं, भाऊ, एवढं कर, बटण दाबलंस की मोठ्यानं या म्हण, दार जाड आहे, घसा फोडून म्हण. गेनूनं केलं बगा. साहेब रागावले, लोक हसले, भोरात त्या कचेरीला पोरं ‘या कंपनी’ म्हणायला लागली, पण गेनूनं वरडायचं सोडलं न्हाई. मी अजून ती कुलपं बसवतो, दुसरं काम येत न्हाई मला. प्रत्येक ठिकाणी शिपायाला सांगून येतो, बटण दाब आन् तोंडानं या म्हण. हो हो म्हंत्यात. माझी पाठ वळली की कोण म्हणतंय?

लोक म्हंत्यात, तुझा काय दोष, तुला काय ठाऊक बाहेर कोण आहे. मीबी स्वतःला तेच सांगतो. पण आबांची रीत मला ठाऊक व्हती ना. सगळ्या मुलखात मलाच ठाऊक व्हती, आन् दार म्याच सपाट केलं.

आता आबा ऐंशीच्या पुढं गेलेत. डोळ्याला कमी दिसतं, पण ओढ्यापर्यंत जाऊन येत्यात. आलीकडं एक नवीनच झालंय, आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबत्यात. दार सताड उघडं असतं, तरी थांबत्यात. विसरत्यात का मुद्दाम करत्यात, मी विचारलं न्हाई. घरात जो असंल त्यानं म्हणायचं, या आबा. कमल चुलीपाशी असली तरी तितनं म्हणती. मी घरी असलो की माझे कान दाराकडंच असत्यात, जेवताना, झोपताना, आत्ता तुमच्याशी बोलतानाबी. काठी वाजली का काठी?

थांबा हं जरा.

या आबा, या. आत या. हे पाहुणे आहेत, पुण्याहून आलेत, आपलंच ऐकत बसलेत.

निघताय तुमी? चहा तरी... बरं, गाडी चुकायला नको, या गाडीनंतर गाडी न्हाई. आमच्याकडं निघालेल्या माणसालाबी आमी याच म्हणतो. आयनं त्या दिवशी आबांना निघताना तेच म्हटलं व्हतं, कमल सांगती, उशीवरनं मान उचलून म्हणाली, या, त्याला घिऊन या.

सुखानं पोचा. आबा, पाहुणे निघाले. म्हणा त्यांना.

म्हणाले बगा. या.