पाषाण, वर्ष ५० वे

मृणालिनी : "सत्त्याऐंशी. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उंदराची पिल्लं. एकोणऐंशी. पोलीस आले आणि ऐकत बसले. दोन हजार चार. गुडघा. शहात्तर. सत्यनारायणाचा प्रसाद कमी पडला." हेरंब, हे काय लिहिलंयस?

हेरंब : आपल्या बँडच्या वाटचालीतले टप्पे. रविवारी स्टेजशेजारी बोर्ड लागणार. पाचला छापायला द्यायचाय.

मृणालिनी : गुडघा हा टप्पा आहे?

हेरंब : तेव्हापासून मी गिटार बसून वाजवतो. शैलीच बदलली.

मृणालिनी : आणि वर मोठ्या अक्षरात, "पाषाण रॉक बँड, ठाकूरद्वार. वर्ष ५० वे." गणपतीच्या मांडवाची कमान वाटतेय.

हेरंब : वाडीत मोजतात तसंच मोजलंय. शहात्तर पहिलं, दोन हजार पंचवीस पन्नासावं. दरवर्षी निदान एक कार्यक्रम. खंड नाही.

मृणालिनी : कोविडचं वर्ष?

हेरंब : गच्चीवर वाजवलं ना आपण. खालच्या सुमेधाबाईंनी लेखी तक्रार केली होती. जपून ठेवलीय. पुरावा आहे तो.

मृणालिनी : आणि शहाण्णव?

हेरंब : शहाण्णवला काय?

मृणालिनी : मला विचारतोस? पंच्याण्णवच्या डिसेंबरात तू सौमित्रला पोस्टकार्ड टाकून काढलंस. सत्त्याण्णवला कोंडीराम गायला येईपर्यंत आपण कुठे वाजवलं?

हेरंब : माझा सोलो चालू असताना तो स्टेजवरून उतरून मिसळ खाऊन आला होता.

मृणालिनी : अकरा मिनिटं चालला होता तुझा सोलो. भूक मलाही लागली होती, पण ड्रम सोडून जाणार कशी?

हेरंब : वर रस्सा मागितला. माइक हातातच होता. सगळ्या हॉलने ऐकलं.

मृणालिनी : ते राहू दे. शहाण्णवला खंड पडला, म्हणजे हे एकोणपन्नासावं वर्ष.

हेरंब : अगं, पत्रिका वाटून झाल्यात. एक्काहत्तर पूर्ण झाली मला. पुढच्या वर्षी ही बोटं तारेवर टेकतील की नाही, डॉक्टरसुद्धा सांगत नाही. पन्नास व्हायला हवीत मृणाल, आणि ती याच वर्षी.

मृणालिनी : मग ऐक, आणि चिडू नकोस. शहाण्णवला पाषाणचा एक कार्यक्रम झाला. लालबागला. एका सोसायटीच्या हळदीकुंकवाला.

हेरंब : मला न सांगता?

मृणालिनी : सांगितलं असतं तर पुढचं पोस्टकार्ड मला आलं असतं.

हेरंब : तू होतीस?

मृणालिनी : मग ड्रम कोण वाजवणार? सौमित्र गायला. मागे "पाषाण" लिहिलेलं कापड. बायका वाण हातात घेऊन नाचल्या.

हेरंब : गिटारला कोण?

मृणालिनी : कोणी नाही. तुझा सोलो आला की सौमित्र माइक खाली करून गप्प उभा राहायचा. मी नुसता ताल धरायची.

हेरंब : अकरा मिनिटं?

मृणालिनी : वेडा आहेस का. चार. तेवढ्यात दोघी उठून घरी गेल्या.

हेरंब : त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?

(फोन स्पीकरवर.)

सौमित्र : बोल गं मृणाल.

हेरंब : हेरंब बोलतोय.

सौमित्र : कुठला?

हेरंब : पाषाणचा.

सौमित्र : अच्छा. मी वडाळ्याचा. बोला.

हेरंब : लालबागच्या हळदीकुंकवाची तारीख हवी होती. बोर्डावर घ्यायचीय. पाषाणचा कार्यक्रम म्हणून.

सौमित्र : पाषाणचा कसा? मला तर काढलेलं. कार्ड आहे अजून. "आपली सेवा संपुष्टात येत आहे." आणि लास्टला, "कळावे, लोभ असावा." काढतोस पण आणि लोभ पण मागतोस, साला.

हेरंब : पत्राच्या शेवटी लिहायची रीत असते ती.

सौमित्र : फक्त रीत?

हेरंब : नाही. लोभाचं मनापासून होतं. वरचं चुकलं.

सौमित्र : तेवीस जानेवारी. लिही. गायन सौमित्र, ड्रम मृणालिनी, गिटार हेरंब.

हेरंब : मी नव्हतो. खोटं कसं लिहू?

सौमित्र : जागा ठेवलेली ना भाई तुझी.

मृणालिनी : "गिटार, हेरंब, गैरहजर" असं लिही. तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीय मी. पटावर नाव असतं त्यालाच गैरहजर मांडतात.

हेरंब : हे चालेल.

सौमित्र : रविवारी किती वाजता?

हेरंब : सहाला. गाशील?

सौमित्र : आवाज गेलाय रे. वरचा सा लागत नाही.

हेरंब : माझीही बोटं वळत नाहीत. खालच्या पट्टीत घेऊ.

सौमित्र : बघतो. शर्ट इस्त्रीला टाकतो आधी.

मृणालिनी : झालं? पाच वाजत आले. बोर्डावर अजून काही घालायचंय?

हेरंब : एक राहिलंय. चौऱ्याऐंशी. माझ्या लग्नात अंतरपाट सौमित्रने धरला होता.