विलंबाचं कारण

नाही नाही, ते खोडू नका, आधी बसा — तो स्टूल घ्या, या खुर्चीचा पाय डगडगतो. हं, तर पत्ता. अर्जात '१४ अ' आहे आणि तुमच्या घराच्या करारात नुसतं '१४', एवढंच ना? आणि एवढ्यासाठी सगळा अर्ज रद्द करून नवा भरून द्या म्हणताय? अहो, बावीस वर्षं मी या दुकानात बसलोय. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे आपली वकिलात, आणि तिथल्या खिडकीत जाणारा निम्मा कागद आधी माझ्या या टेबलावरून जातो. इकडे परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांची नोंदणी, मग त्यांचा पासपोर्ट, त्यांचे फोटो, झेरॉक्स — दुसरं काही आयुष्यात केलंच नाही म्हणा ना. '१४ अ'पायी कुणाचं बाळ अडलेलं मी पाहिलेलं नाही. बाजूला एक ओळ लिहायची, दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत म्हणून, खाली सही, संपला विषय. रद्द केलात तर मात्र पुन्हा सगळं कॉम्प्युटरवर भरा, पुन्हा तारीख घ्या — आणि तारीख मिळते दोन आठवड्यांनंतरची. आणि बाळ तुमचं — थांबा, चष्मा लावतो — बाळ तर सोमवारी वर्षाचं होतंय की हो! आज शुक्रवार. खिडकी चारला बंद. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

माहीत आहे म्हणता? बरं. माहीत असेल तर प्रश्नच मिटला.

तरी सांगतो, सवय आहे. वर्षाच्या आत अर्ज दिला की साधं काम असतं — आईची सही, बापाची सही, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांचं लेखी, की झाली नोंद. वर्ष उलटलं की मात्र तोच अर्ज वर जातो, मंत्रालयाकडे, आणि वर गेलेला कागद कधी खाली येईल हे देवालाही विचारू नये. इथे जन्मलं म्हणून मूल इथलं होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तिथलंही नाही. ना घरचं ना घाटचं. विमानात पाऊल टाकता येत नाही त्याला. हातभर पोर, पण ते कुणाचं आहे हे सांगायला कागद नाही. 

ही फाइल कुणी लावली? तुमच्या मिसेसनी? वाटलंच. काय नीट लावलीय, प्रत्येक कागदाला चिकटपट्टी, त्यावर नंबर. आणि हे मागे काय — रद्द, आणि हाही रद्द. म्हणजे हा तिसरा अर्ज. पहिला कशानं रद्द झाला? आजोबांचं मधलं नाव राहिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं, तुमच्या? आणि दुसरा — फोटोत कानाशी सावली. तेही तुम्हालाच दिसलं. हं. नजर तीक्ष्ण आहे तुमची. तिन्ही अर्जांवर आईची सही आहे बघा, तिन्ही वेळा तीच, ठाशीव. आणि बापाची चौकट तिन्ही वेळा कोरी.

त्या समोरच्या बाकावर बसल्यात, निळी शाल, मांडीवर बाळ, त्याच ना? मघापासून तीनदा मान वर करून वकिलातीच्या घड्याळाकडे पाहिलं त्यांनी. बाळाच्या एका पायातला मोजा पडलाय, त्यांचं लक्ष नाही. बाहेरच थांब म्हणालात तुम्ही त्यांना? आत गर्दी असते म्हणून? — गर्दी कुठाय, मी आणि तुम्ही दोघंच तर आहोत.

रागावू नका. मी कोण तुमच्या घरातलं विचारणारा? मला एका गृहस्थांची आठवण झाली, म्हणून बोललो. होते एक ओळखीचे. कारखान्यात स्टोअरकीपर. खिळा न् खिळा मोजून देणारा माणूस — पन्नास म्हणजे पन्नास, एकावन्नावा खिळा साहेबालाही मिळायचा नाही. तर त्यांना मुलगी झाली, इथेच. बायकोला माहेरी जायचं होतं, आई आजारी होती तिची — बाळ दाखवून आणते, दोन महिन्यांत परत येते, म्हणाली. आता तुम्हीच सांगा, यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. पण घरात तेव्हा बोलणं कमी आणि भांड्यांचाच आवाज जास्त, अशी अवस्था होती, आणि या माणसाच्या मनानं घेतलं की ही गेली की परत यायची नाही. जाऊ नको म्हणायचं तर तोंड उघडायला हवं. मला भीती वाटते म्हणायचं तर त्याहून जास्त. ते कुठलं जमायला! मग त्यानं काय केलं? काहीच नाही केलं हो, फक्त अर्ज तपासला.

पहिल्यांदा नावाचा क्रम चुकला होता. दुसऱ्यांदा शाई निळी होती, काळी हवी. तिसऱ्यांदा लग्नाच्या दाखल्यावरचा शिक्का अर्धवट उठला होता. एकही चूक खोटी नव्हती, हे लक्षात घ्या — खोटं बोलायची आमची जातच नाही. चूक असायची, आणि चूक आहे म्हटल्यावर सही कशी करायची? साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी ती युक्ती. आणि गंमत अशी की ती बिचारी म्हणायची, बरं झालं तुम्ही पाहिलंत, तुमचं लक्ष असतं म्हणून, माझं मेलीचं कशातच लक्ष नसतं. तिन्ही वेळा म्हणाली. पुन्हा बसायची, बाळाला मांडीवर घेऊन एका हातानं लिहायची, तेव्हा सगळं हातानंच लिहावं लागायचं — आणि हा माणूस समोर बसून वर्तमानपत्र वाचायचा. वाचायचा कसला, तारखा मोजायचा.

वर्ष उलटलं. आणि तिकडे माझ्या सासूबाई — त्याच्या, त्याच्या सासूबाई, लोकरीचं टोपडं विणत होत्या नातीसाठी. मूल पाहिलेलं नाही, डोक्याचं माप अंदाजानं. आज येतील, उद्या येतील, म्हणून विणून ठेवायच्या. लांबलं म्हणून कळलं की उसवायच्या आणि दोन टाके वाढवून पुन्हा घालायच्या. उसवायचं, मोठं करायचं. पोरीच्या चौदाव्या महिन्यात त्या गेल्या. बायकोला एकटीला जाता आलं असतं, पण अंगावर पिणारं मूल टाकून जाणार कशी? फोन आला तेव्हा ती बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन ठेवला आणि राहिलेल्या घड्या घातल्या. रडली नाही. पुढे महिन्याभरानं पार्सल आलं, त्यात ते टोपडं. पोरीच्या डोक्याला मोठं झालं — डोळ्यांवर यायचं सारखं, आणि ती हसायची आतून. आपण लपलोय असं वाटायचं तिला.

हो, मीच. तुम्ही ओळखलंत केव्हाच. सासूबाईंपाशी घोडं पेंड खातं माझं, दर वेळी. ही गोष्ट मी पाच-सहा जणांना तरी सांगितली असेल, गृहस्थ म्हणून सुरू करतो आणि तिथे येऊन पाय घसरतो. असो.

उशिराच्या अर्जात एक जादा रकाना असतो. तुम्ही पाहिला नसेल, देवकृपेनं पाहायची वेळ न येवो. 'विलंबाचं कारण' असं लिहिलेलं असतं, आणि पुढे दोन ओळींची जागा. दोनच. मी त्या दोन ओळींपुढे एक अख्खी दुपार बसलो. आणि काय लिहिलं? 'अज्ञानामुळे.' तीन महिने आधी नियमांचं पुस्तक आणून पाठ केलेला माणूस मी — कुठल्या पानावर काय आहे ते झोपेत सांगितलं असतं. लिहिलं, सही केली, आणि फाइल हिच्यापुढे ठेवली, हिचीही सही हवी होती ना. तिनं वाचलं. कधी नव्हे ते नीट वाचलं, बोट ठेवून. आणि मला म्हणाली, "एवढी एकच चूक दिसली नाही तुम्हाला?"

कळलं होतं हो तिला. केव्हापासून कळलं होतं, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सही करून दिली तिनं. वरून परवानगी यायला सव्वादोन वर्षं लागली, पोर धावायला लागली होती तोवर, शब्द जोडून बोलायची. पासपोर्ट हातात पडला आणि पंधराव्या दिवशी दोघी गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. जाताना म्हणाली, गॅसचं पुस्तक वरच्या कप्प्यात आहे. मग मी नोकरी सोडली आणि हे दुकान घातलं. लोक म्हणतात, तुमच्या हातचा अर्ज परत येत नाही. कसा येईल? चुका सापडतातच मला. आता मी त्या तिथल्या तिथे दुरुस्त करतो, एवढाच फरक.

तीन बावीस.

हे पाहा, तुमचं काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि सांगूही नका. त्या जाणार आहेत कुठे, परत येणार आहेत का, तुमच्या आईला काय वाटतं, त्यांच्या आईला काय वाटतं — मला नको. सही करायची नसेल तर करू नका, तुमचा हक्क आहे तो. पण मग बाहेर जा, बाकावर त्यांच्याशेजारी बसा आणि तोंडावर सांगा, मी सही करत नाही, मला भीती वाटते. भांडतील. रस्त्यात आवाज चढेल. चढू दे. भांडलेल्या माणसाकडे परत येता येतं हो. पण '१४ अ' दाखवू नका त्यांना. त्या बिचाऱ्या खरंच मान खाली घालतील, आणि उद्या चौथा अर्ज भरायला बसतील, आणि तुम्हाला म्हणतील, बरं झालं तुम्ही पाहिलंत.

काय? — पेन? हे घ्या, काळंच आहे. इथे. आणि इथे, ही पत्त्याची ओळ लिहिलीय मी, तिच्याखाली. सावकाश. चौकटीबाहेर गेली? जाऊ द्या हो, जरा बाहेर गेली म्हणून काय झालं, तिथे कुणी पट्टी लावून पाहत नाही. बावीस वर्षांत एकही अर्ज त्यासाठी परत आलेला नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. झालं! बघा, इतकंसं काम. कोपर उचला, त्या लिफाफ्यावर आलंय — नाही, तो तुमच्यातला नाही, राहू दे तिथेच. तो माझ्या मुलीचा.

हो, तीच. सव्वीसची आहे. तिलाही मुलगी झाली, तीही परदेशातच, कुठच्या कुठे. आता तिच्या बाळाची नोंद करायची, तर हिची स्वतःची नोंद उशिराची, म्हणून बापाचं पत्र मागतात — बापाच्या जुन्या पासपोर्टची प्रत, आणि बापाचं सहीचं निवेदन, विलंब कशानं झाला होता त्याचं. फिरून तिथेच येतं बघा सगळं. या खेपेला खरं लिहिलं मी. दोन ओळी पुरल्या नाहीत, मागच्या बाजूला गेलो. तिकिटंही लावलीत, पत्ता लिहिलाय.

किती दिवस झाले? — अठरा. अठरा दिवस. बाळाला? दहा महिने आणि बावीस दिवस. अजून वेळ आहे. फोन करते ना ती, हल्ली रोज करते. आधी वर्षातून एक फोन, तोही तिच्या आईनं आठवण करून दिली तर. आता रोज संध्याकाळी साडेसातला. बाबा, झालं का? मी म्हणतो, बघतोय. मग बाळाचा आवाज ऐकवते. परवा म्हणाली, बाबा, तुमचं लक्ष असतं म्हणून बरं आहे.

असं काय पाहताय माझ्याकडे?

पळा तुम्ही, साडेतीन झाले, सुरक्षेच्या रांगेतच दहा मिनिटं जातात. आणि तो मोजा उचला बाळाचा, बाकाखाली आहे. — नाही, लिफाफा ठेवा. ठेवा म्हटलं ना खाली. टपालाची पेटी वकिलातीच्या फाटकाशीच आहे हे मला सांगू नका, बावीस वर्षं इथून दिसते मला ती. तुमच्या वाटेवर आहे, कबूल. पण तो इतक्यात जायचा नाही. पुन्हा लिहावा लागेल, एक चूक राहिलीय त्यात.

माझी सही चौकटीबाहेर गेलीय.

जा तुम्ही. दार ओढून घ्या.