साळ्याच्या गावचा धूर

बाबाराव : हे काय वं पोरी? कागदावर कोणी पान खाऊन थुकलं का?

वसुंधरा : जंगल आहे बाबा. सॅटेलाइटच्या फोटोत हिरवी झाडं लाल दिसतात. नागपूरच्या ऑफिसात दिवसभर हेच तर पाहत असते मी.

बाबाराव : वा. हिरव्याले लाल म्हनाचं अन् त्याचा पगार घ्याचा. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमंदी मी असं केलं असतं तं रिटायर व्हायच्या आधीच घरी बसवलं असतं.

राधाबाई : ते ठेवा अन् बॅग भरा. उद्या सकाळच्या गाडीनं माझ्या भावाकडं, जानरावकडं जा. डॉक्टर म्हणे, यांले भिलाईच्या धुरातून काढा. माझ्या माहेरी जंगलाची हवा आहे. दमा कसा पळते ते पाहा.

वसुंधरा : आई, त्याच्यासाठीच तर फोटो आणला. ही पांढरी रेघ देख. धूर आहे हा. सुरू कुठून होते? डोंगरगडच्या पल्याड, मामाच्या गावापासून.

राधाबाई : जंगलात कोणं कारखाना टाकला?

वसुंधरा : मोहाची फुलं पडून राहिली ना. ती वेचाले सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. मामाही पेटवतो, सारं गाव पेटवते. मग आग पसरते, अन् वारा इकडं वळला की धूर दुर्गवरून सीधा भिलाईत, आपल्या मरोद्यात.

बाबाराव : मंजे तुह्या कुरडयायवर काळं पडून राहिलं, थे तुह्या भावाचं? अन् शिव्या माह्या प्लांटले?

राधाबाई : प्लांटचंही असन.

वसुंधरा : असेल. या फोटोतून तेवढं नाही सांगता येत.

बाबाराव : लग्नापासून पयल्यांदा साळा कामात आला. राहू दे बॅग. मी कोठी जात नाही.

वसुंधरा : इथं कसे राहाल? धूर इकडंच येऊन राहिला. माझ्यासंग नागपूरले चला, मोहाचे दिवस सरेपर्यंत. तिकडं आभाळ साफ आहे.

बाबाराव : नागपूरले लय उन्हाळा.

राधाबाई : अन् भिलाईत बर्फ पडते?

बाबाराव : इथं दम लागला तं कोनाले शिव्या द्याच्या, थे मले ठाऊक हाय. तिथं कोनाले देऊ?

राधाबाई : परवा ओठ निळे पडले होते तुमचे. तवा शिवी द्यापुरता तरी श्वास होता का?

बाबाराव : नव्हता. पाठ तू चोळत होती. आता भावाकडं एकटा जा म्हनतं, पोरीकडंही एकटाच पाठोशीन. काहून, तं कुरडया वाळवाच्या हायेत. मले एकट्याले भेव लागते वं.

(राधाबाई कुरडयांचं सूप उचलते, त्यावर फुंकर मारते. काळं जात नाही.)

राधाबाई : वसू, ह्या गाईले टाक. अन् बॅगेत माझी दोन लुगडी ठेव. तुझ्या बाबाले शिव्या द्याले माणूस लागते.