माझाच घटस्फोट, मलाच पत्ता नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही तारखेला का आला नाहीत?" अहो, कुठल्या तारखेला? तुम्हाला सांगतो, माझा घटस्फोट झाला, अख्ख्या कोर्टाला ठाऊक, आणि मला मात्र पत्ताच नाही!

माझं खुर्च्या-सोफे दुरुस्तीचं दुकान. बायको डबा घेऊन आलेली, मी खुर्चीला खिळे ठोकतोय, एवढ्यात एक वकीलसाहेब मोडकं स्टूल घेऊन आत येतात आणि हिला म्हणतात, "अरे वा, ताई! अभिनंदन! निकाल आपल्या बाजूनं लागला, सुटलात एकदाच्या नवऱ्यापासून!"

हातोडी थेट अंगठ्यावर!

झालं होतं काय, मागं आमचं कडाक्याचं भांडण झालं, ही भावाकडे गेली, तिरीमिरीत वकिलाकडे अर्जापासून साक्षीच्या प्रतिज्ञापत्रापर्यंत सगळ्यावर सह्या करून आली, मग राग उतरला, परत आली, आम्ही घर बदललं, संसार सुरू... वकिलाला कळवायचं राहिलंच! समन्स चिकटलं जुन्या खोलीच्या दारावर, निकाल लागला एकतर्फी, आणि मला मात्र पत्ताच नाही!

"अगं, सांगायचं नाहीस?" म्हटलं, तर रडायलाच लागली. "लाज वाटली हो... वाटलं, मी गेलेच नाही तर आपोआप मिटेल." घरी आल्यावर पाण्याचा पेला दिला तो हात लांब ठेवून. म्हणे, "आता आपण कोण एकमेकांचे?"

केला अर्ज, खटला पुन्हा उघडा म्हणून. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघतात, "विरुद्ध पक्षाची हरकत?" आता विरुद्ध पक्ष कुठं? माझ्याच शेजारी, माझी पिशवी सांभाळत उभा!

"हरकत नाही," ही म्हणाली. "मला हेच हवेत. पण बाईसाहेब, हे कुणाचं ऐकून म्हणून घेत नाहीत, तेवढं लिहून घ्या!"

बाई गालातल्या गालात हसल्या. निकाल रद्द! मी भर कोर्टात हिचा हात धरला, डोळे भरून आले... तर कारकून खेकसतो, "ओ, निघालात कुठं? निकाल रद्द, म्हणजे घटस्फोटाचा खटला पुन्हा सुरू! पुढची तारीख घ्या!"

बाहेर येऊन हिला म्हटलं, "आता मागे घे गं बाई तो खटला."

"घेईन की! घाई काय आहे? हल्ली किती गोड बोलताय तुम्ही..."

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, घरात आवाज चढवायची सोय नाही. काय करता? प्रकरण न्यायप्रविष्ट आहे!